सहा उसन्या बंदुका आणि एक बोल्ट

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आर्विड लाहतीने नॉर्बर्टची शिडी परत केली. छपरावरचा बर्फ ओढायला म्हणून त्याने ती नेली होती एकोणीसशे एकोणनव्वद साली. मधल्या सव्वीस वर्षांत नॉर्बर्टने दोन नव्या शिड्या घेतल्या, एकीवरून पडून पाय मोडून घेतला, बायको बदलली. पण आर्विडला शिडीची आठवण काही झाली नाही. मी किराणा दुकानात हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. म्हटलं, "थांबा, आता माझं लाटणंही येईल."

लाटणं दोन दिवसांनी आलं. धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून.

आमच्या हेमलॉक लोकेशनमध्ये, म्हणजे खाणकामगारांच्या जुन्या वस्तीत, खाण कंपनीने बांधलेली एकोणीस घरं आहेत. खाण बंद पडली, घरं राहिली, आणि त्यांत राहणाऱ्यांना एकमेकांच्या खिडक्यांत बघण्यापलीकडे फारसा उद्योग राहिला नाही. या उद्योगात माझा हात कोणी धरू शकत नाही. लोक नावं ठेवतात. ठेवोत. पण तीन घरांना तीन वेगवेगळ्या गोष्टी माहीत असतात, त्या तिन्ही एकत्र फक्त मला माहीत असतात.

कोस्कीबाईंना चाळीस बरण्या परत मिळाल्या. लायब्ररीला बर्फातल्या मासेमारीवरचं पुस्तक मिळालं. ते हरवलंय हेच तिथे कोणाला माहीत नव्हतं. आणि मला मिळाला आर्विडचा स्वतःचा कुत्रा, पेक्का. "गुडघे दुखतात माझे," आर्विड म्हणाला. "तूच फिरव त्याला. तशीही दिवसभर रस्त्यावरच असतेस."

आर्विडची बायको सिल्व्हिया जानेवारीत गेली. आमच्याकडे जानेवारीत मेलेल्या माणसाला मे महिन्यापर्यंत ताटकळावं लागतं. जमीन चार फूट खोल गोठलेली. कुदळीचं सोडा, यंत्रसुद्धा दात मोडून घेतं. तोवर पेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत. सिल्व्हिया आयुष्यभर कुठे पाच मिनिटं थांबली नाही, ती तिथे चार महिने थांबणार होती.

खड्डे खणणारा बर्नी मला दुकानात भेटला. त्याला वाटलं, मला हसायला आणखी एक गोष्ट देतोय.

"लाहती म्हातारा आला होता. म्हणाला, मे महिन्यात खणशील तेव्हा रुंद खण, दोघांचं एकदमच होऊन जाईल. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर चांगले ठणठणीत दिसताय. तर म्हणतो कसा, मे महिन्यापर्यंत बघू."

बर्नी हसला. सवयीने मीही हसले. मग गाडीत येऊन बसले आणि किल्ली फिरवायचं विसरले. शिडी. लाटणं. बरण्या. कुत्रा. खड्डा.

आणि आर्विडच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात सहा बंदुका.

आता हे सांगायला हवं की आमच्याकडे बंदूक नाही असं घर नाही. माझ्याकडेही आहे. पण आर्विडसारखा संग्रह कोणाकडे नव्हता, आणि त्यातली एकही त्याने विकत घेतलेली नव्हती. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याचा मामा विल्हो खाणीत दगडाखाली सापडून गेला. मामी हरणाच्या शिकारीची रायफल घोंगडीत गुंडाळून घेऊन आली. "घरात ठेववत नाही आणि विकवतही नाही," म्हणाली. आर्विडने ती ठेवून घेतली, तेल लावलं, आणि दर नोव्हेंबरात तीच घेऊन जंगलात जाऊ लागला. मग लोकांना कळलं की या पोराकडे दिलेली वस्तू जपली जाते. एक आली डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेलेल्याची, तो परत आलाच नाही. एक डोळे गेलेल्या पाद्रीबाबांची. दोन विधवांनी आणून दिल्या. सिल्व्हिया म्हणायची, "बाकीच्या नवऱ्यांच्या बंदुका शिकारीच्या. माझ्या नवऱ्याच्या बंदुका म्हणजे अनाथाश्रम."

सहावी माझ्या वडिलांची. दुनळी. मी बारा वर्षांची असताना, त्र्याहत्तर साली, एका शनिवारी सकाळी वडिलांनी ती आमच्या लाकडाच्या कोठारात नेली. त्या संध्याकाळी आईने ती आर्विडला दिली. तेव्हापासून ती कपाटात डावीकडून तिसरी. चाळीसहून जास्त वर्षं मी त्या खोलीत कॉफी प्यायले, खिदळले, साऱ्या लोकेशनच्या चहाड्या केल्या, पण नेहमी कपाटाकडे पाठ करून बसले.

आर्विड सगळ्यांच्या वस्तू परत करत होता. म्हटलं, मग मी त्याच्या बंदुका एकेक करून उसन्या मागते.

पहिल्या दिवशी म्हटलं, "आर्विड, ओट्याखाली साळिंदर शिरलंय. लाकूड कुरतडून खातंय मेलं. एक बंदूक दे."

"तुझी कुठे गेली?"

"तिचा नेम वाकडा आहे."

"नेम बंदुकीचा नसतो, पोरी." पण दिली. देताना अर्धा तास तिची कथा सांगितली. ती डोळे गेलेल्या पाद्रीबाबांची होती. आंधळा झाल्यावरही ते रविवारी प्रार्थनेनंतर आर्विडकडे यायचे आणि ती मांडीवर घेऊन बसायचे.

तीन दिवसांनी दुसरी मागितली. म्हटलं, साळिंदराचा भाऊ आलाय. तिसरी, भाच्याला हवीय म्हणून. चौथीच्या वेळी मला काही सुचेना. म्हटलं, लायब्ररीत जुन्या बंदुकांचं प्रदर्शन आहे.

"त्या लायब्ररीत? तिथे दोन माणसं आली तर तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं."

"म्हणून तर एकच मागतेय."

 त्याने घड्याळावर ठेवलेली कपाटाची किल्ली काढली. मामा विल्होची रायफल हातात देताना तो म्हणाला, "ग्वेन, तू फार वाईट खोटं बोलतेस. तुम्ही कॉर्निश लोक पेस्टीत, एवढ्या चांगल्या मांसाच्या करंजीत, तो सलगमासारखा रुटाबागा घालता आणि म्हणता चव येते. तसलंच हे."

"रुटाबागा नसेल तर ती पेस्टी नव्हे, बटाट्याचं पोतं."

हा वाद आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्या दिवशी त्याने तो पुढे रेटला नाही. तिथेच मला पुन्हा भीती वाटली.

पाचवी नेली. सहाव्या वेळी मी कारण सांगितलंच नाही. कपाटासमोर, पहिल्यांदा तोंड करून, उभी राहिले आणि म्हटलं, "बाबांची दे." त्याने दिली. 

सहाही बंदुका शिवणयंत्रामागे, चादरीत गुंडाळून ठेवल्या आणि मी स्वतःवर खूश झाले. साऱ्या लोकेशनमध्ये माझ्यासारखी चतुर बाई नाही, असा माझा आठ दिवस समज होता.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी भांडी घासत होते. शनिवारी तीनला आर्विडच्या मागच्या अंगणातल्या साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर येतो. सिल्व्हिया गेली त्या आठवड्यातही आला होता. लोकेशनमधली माणसं त्या धुरावर घड्याळ लावतात. सव्वातीन झाले. साडेतीन. धूर नाही.

आणि हातातलं ताट तसंच धरून मला आठवलं: सातवी.

सातवी कपाटात नव्हतीच. ती साउनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे अडकवायच्या खुंट्यांवर टांगलेली. पोरांच्या हातची, पॉइंट टू-टूची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालायचे. मीही घातलाय. म्हणून ती बंदूक आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं. आर्विडची पहिली बंदूक. त्याच्या सगळ्या आयुष्याची सुरुवात तिथून झाली आणि चतुर बाईने नेमकी तीच मोजली नाही.

मी चपला न घालताच चिखलातून धावले.

तो साउनाच्या बाहेरच्या खोलीत बाकावर बसला होता, स्वच्छ सदरा घालून. बंदूक मांडीवर आडवी.

"दार वाजवायची पद्धत असते," तो म्हणाला.

"मी कधी वाजवलंय?"

"नाही. कधीच नाही." तो माझ्या पायांकडे बघत होता. "मोज्यांची काय दशा केलीस."

"मिस्टर लाहती," मी म्हटलं. लहानपणी मी त्याला असं म्हणायचे, आणि नंतर फक्त रागावले की. "ती बंदूक मला उसनी हवी."

"कशाला? साळिंदराची आजी आली?"

"तू मरू नयेस म्हणून."

मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, पण त्यापुढे माझ्या तोंडात काहीही आलं नाही. गंमत नाही, टोमणा नाही. मी त्याच्या शेजारी बसले. साउना गार होती. थंड राखेचा आणि बर्चच्या लाकडाचा वास येत होता.

तो बोलायला लागला. "त्र्याहत्तर साली, त्या शुक्रवारी, मी तुमच्याकडे आलो होतो. तुझ्या बापाने माझी करवत परत केली होती. माझा हातोडा परत केला होता. मला कळलं होतं, पोरी. मी ठरवून आलो होतो की म्हणायचं, जॅक, तुझी दुनळी दोन आठवडे दे. पण तुझ्या आईने पेस्टी वाढली. ती मी खाल्ली. मग वाटलं, दुसऱ्याच्या घरात आपण कोण नाक खुपसणारे. आणि घरी आलो."

  बेचाळीस वर्षं मला वाटत होतं की कोणालाच दिसलं नाही.

"आणि आता तूही बाबांसारखंच केलंस," मी म्हटलं. "शिडी, लाटणं. माझ्याच दारात. माझ्याच डोळ्यांदेखत."

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

"ही मी देणार नाही," तो बंदुकीवर हात ठेवून म्हणाला. "बाकीच्या सगळ्या मेलेल्यांच्या होत्या. माझी ही एकटीच. नऊ वर्षांचा होतो. बापाने दिली तेव्हा हिला बोल्ट नव्हता."

बोल्ट म्हणजे मागची ती सरकती लोखंडी कांडी. ती काढली की बंदूक आणि झाडूची दांडी यात फरक नाही.

"बोल्ट बाप स्वतःच्या खिशात घेऊन खाणीत जायचा. मला म्हणाला, आधी वाहायला शीक. वर्षभर मी रिकामी बंदूक घेऊन त्याच्यामागे जंगलात हिंडलो. पोरं हसायची. कुंपण ओलांडताना नळी कुठे, घसरलो तर नळी कुठे, सगळं तो बघायचा. पुढच्या नाताळात सकाळी तांदळाच्या खिरीची वाटी उचलली तर खाली बोल्ट." तो थांबला. "एक वर्ष. त्या वर्षात मला त्याचा फार राग यायचा."

मग त्याचा अंगठा हलला. आधी आतलं एकुलतं काडतूस निघालं, ते त्याने बाकावर उभं ठेवलं. मग घोडा दाबून धरून बोल्ट मागे ओढला, अख्खा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो गरम होता. किती वेळ तो हातात धरून बसला असेल, कोण जाणे.

"किती दिवस ठेवशील?"

"ते मी ठरवणार."

"बापही हेच म्हणाला होता," आर्विड म्हणाला, आणि बंदूक उठून परत खुंट्यांवर टांगली.

काडतूस मी घेतलं. सोमवारी त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. जाताना-येताना तो माझ्याशी बोलला नाही. अजूनही नेते. अजूनही फारसा बोलत नाही. धूर मात्र शनिवारी येतो. कधी पाचला, कधी सहाला. येईपर्यंत मी भांडी घासत राहते. घासलेलीच पुन्हा घासते.

मे महिन्यात जमीन सुटली. सिल्व्हियाला आणलं, आणि मी खड्डा पाहिला. दोघांपुरता रुंद. जगभराला सगळं सांगणारी मी, बर्नीला मात्र सांगायला विसरले होते. पेटी एका बाजूला खाली गेली आणि शेजारी तेवढीच रिकामी जागा उघडी राहिली. कोणी तिच्याकडे बघेना. बर्नी टोपी कुस्करत उभा.

पाद्रीबाईंचं वाचून झालं. आर्विड माझ्याकडे वळला.

"खिशात आहे ना?"

मी कोटाच्या खिशात हात घालून बोल्ट चाचपला. "आहे."

त्याने बर्नीच्या हातातलं फावडं घेतलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे खरोखरच दुखणारा. तो पेटीच्या बाजूला गेला नाही. रिकाम्या बाजूला उभा राहिला आणि तीच आधी भरायला लागला. नॉर्बर्ट पुढे सरकला तर त्याला हातानेच थांबवलं. माती ओली होती, जड होती. आम्ही सगळे उभे राहिलो. फार वेळ लागला.