आधी सुई, मग नारळ

गेल्या रविवारी सकाळी साखरा गावात होतो. ऊसतोडीला जाणारे दोन ट्रक मारुतीच्या पारापाशी भरत होते... भांडी, बाजा, कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं.

माझी वर्गमैत्रीण सुनंदा इथलीच. आता परदेशात साथरोगशास्त्राची प्राध्यापक आहे, निर्वासितांच्या छावण्यांमध्ये काम करते. सुट्टीवर आली आणि कळलं, शेजारच्या गावात गोवर निघालाय. तोडीच्या मुक्कामावर खोपटी एकमेकींना खेटून असतात... एक लेकरू आजारी पडलं की सगळीच पडतात.

मग आरोग्यसेविकेला सोबत घेऊन तिने वेशीवर लसीचं टेबल मांडलं. छावणीतही असंच करतो म्हणाली, माणसं जिथून जातात तिथंच लस. पण पहिला ट्रक हॉर्न वाजवत समोरून निघून गेला... आम्ही नुसते हात हलवत राहिलो.

मी वैतागलो. सुनंदा मात्र पारावर जाऊन बायकांत बसली. "काहून थांबली न्हाई वं गाडी?"

"नारळ फुटला ना बाई! मंग वेस ओलांडेस्तोवर थांबत न्हाईत. अपशकुन व्हतो."

ती ताडकन उठली. टेबल पारापाशी आणवलं आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हातातला दुसऱ्या ट्रकचा नारळ काढून घेतला. "हा मी फोडणार. शेवटच्या लेकराला सुई झाल्यावर."

मुकादमाला हसू आलं. "आन् आमी काय टाळ्या वाजवाव्या?"

"वाजव की!" ट्रकमधून एक म्हातारी ओरडली. "गावची लेक हाय ती. उतरवा रे लेकरं खाली!"

मग जी रडारड सुरू झाली... पण एकही लेकरू सुटलं नाही. मुकादमानेच पहिल्या ट्रकला फोन लावला, "सेनगावच्या दवाखान्यापाशी थांब. सुई टोचल्याबिगर पुढं जायचं न्हाई." दुपारी तिथून फोटो आला. सगळी लेकरं दंड चोळत उभी!

इकडे पारापाशी तर शेवटच्या लेकराला सुई होताच सुनंदाने एका फटक्यात नारळ फोडला होता. टाळ्या खरंच वाजल्या होत्या, पहिली मुकादमाची.

जगभर फिरून ही नक्की काय करते, हे मला इतकी वर्षं नीट कळलं नव्हतं. माणसं थांबली नाहीत तर ती त्यांच्यावर चिडत नाही, जाऊन कारण विचारते... आणि आपलं टेबल हलवते.

गोवराला यंदा साखऱ्याच्या गाडीत जागा मिळाली नाही. सुनंदा, शाब्बास गं!