वच्छलाबाईंनी कढई चढवली ते वर्ष

पांढुर्ण्यात स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर, आमच्या अगदी समोर, वच्छलाबाई राहत. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं कमी. गल्लीतल्या बाया दुपारी कोणाच्या तरी ओट्यावर जमत, त्यात त्या नसत. हंगामात त्यांच्या मागच्या पडवीत संत्र्यांचे ढीग पडलेले असत आणि त्या तिथे लहान-मोठा माल निवडत बसलेल्या असत. मोहगावला त्यांची घरची बाग होती. ती धाकटे दीर यशवंतराव बघत, आणि इकडून माल पाठवायचं काम वच्छलाबाईंचे यजमान रघुनाथराव करत.

एखाद्या गोष्टीवर वच्छलाबाई आपलं मत एकदाच सांगत. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर विषय सोडून देत. त्यामुळे त्या आतल्या गाठीच्या आहेत असं काही जणी म्हणत. मला तसं कधी वाटलं नाही, पण माझी त्यांच्याशी फार जवळीक होती असंही नाही.

घरात मुलगा श्रीधर आणि सून जयश्री. श्रीधर सौंसरला तहसील कचेरीत होता. सकाळच्या बसने जाई, दिवेलागणीला परत येई. अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत मनोहर पाटोळे म्हणून रेल्वेतले पार्सलबाबू बिऱ्हाडाला होते. बायको मार्था आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी रूथ. माणसं ख्रिस्ती, मूळची परतवाड्याकडची. त्यांच्याकडे नाताळात जे व्हायचं ते आपल्या दिवाळीसारखंच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. आदल्या आठवड्यात परतवाड्याहून मार्थाची आई आणि बहिणी येत, आणि त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसे. दारावर कामट्यांची कागदी चांदणी लागे. मग झाकलेली ताटं घेऊन रूथ गल्लीत घरोघर फिरे.

शहाऐंशी साली पावसाळा संपता संपता गावात काविळीची साथ आली. पाण्यातून आली असं कोणी म्हणे, कोणी बाजारातल्या उघड्या फळांचं नाव घेई. दर दोन घरांआड एक पिवळ्या डोळ्यांचं माणूस. लोक पाणी उकळून प्यायला लागले, पाहुण्याकडे गेलं तर पाणी नको म्हणायला लागले, आणि पुढे पुढे पाहुण्याकडे जायचंच थांबले. काविळीची माळ घालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे सकाळी रांग लागे. रघुनाथरावांनाही ती माळ घातली होती, सरकारी दवाखान्यातल्या बाटल्याही लावल्या होत्या. पितृपक्षात ते गेले.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की ते वर्ष सणवार करत नाहीत. दिवाळीत चुलीवर कढई चढत नाही. तळण, गोडधोड काही नाही, आणि त्या घरची बाई सणाच्या निमित्ताने कोणाच्या दारात जात नाही. शेजारपाजारचे फराळ आणून देतात. त्या दिवाळीत मात्र साथीच्या भीतीने वच्छलाबाईंकडे फार कोणी गेलं नाही. आमच्याकडून मी डबा नेला होता, आणि मार्थाने नेला. मार्थाने तर बसून खास त्यांच्यासाठी चकल्या केल्या होत्या. तिच्याकडे ती दिवाळी नव्हतीच, तरी केल्या. रघुनाथराव आजारी असताना रोज सकाळी उसाचा रस आणून देणारीही तीच होती.

डिसेंबर लागला आणि मार्थाला कावीळ झाली.

डॉक्टरांनी महिनाभर अंथरूण सोडायचं नाही म्हणून सांगितलं. तेल, तूप, हळद बंद. खरं तर ते बंद करायची गरजच नव्हती. फोडणीचा वास आला तरी मार्थाला उलटी होई. मनोहरबाबूंना रजा मिळेना, कारण संत्र्याचा हंगाम होता आणि स्टेशनावर टोपल्यांची रास लागलेली असे. परतवाड्याहून यायचे ते पाहुणे येणार नाहीत असा निरोप एका ओळखीच्या गार्डाने आणून दिला. साथीच्या गावात लेकरंबाळं घेऊन कोण येणार? त्यांचंही चूक नव्हतं.

रूथ दोन्ही वेळ वच्छलाबाईंकडे जेवायला लागली. मार्थासाठी भात आणि बिनहळदीचं वरण जयश्री नेऊन देई.

नाताळ चार-पाच दिवसांवर आला असताना एका दुपारी वच्छलाबाई अंगणात वाळत घातलेलं काढत होत्या. पाटोळ्यांच्या खोलीतून आधी तेलाचा वास आला, मग मार्थाचा ओकण्याचा आवाज. त्या धावत गेल्या. रूथने आईला न विचारता शंकरपाळ्यांचं पीठ मळलं होतं, स्टोव्ह पेटवून तेल ठेवलं होतं. आईला उलटी झाल्यावर तिने स्टोव्ह विझवला आणि पिठाची परात घेऊन ती मागच्या दारात जाऊन बसली. वच्छलाबाईंनी आधी मार्थाला सावरलं, तिचं तोंड पुसलं, खिडकी उघडली. मग मागे गेल्या.

"काहून व माय, कोनाले विचारलं होतं?"

"कोणाला नाही," रूथ म्हणाली. "आजी येणार नाही. मावशी येणार नाही. मला वाटलं थोडेसेच करावे."

"पीठ कोनी शिकवलं मळाले?"

"आईचं पाहिलं होतं."

वच्छलाबाईंनी परातीतलं पीठ बोटाने दाबून पाहिलं. "घट्ट झालं," त्या म्हणाल्या. "जरा दूध लागन. चाल."

त्या परात घेऊन आपल्या घरात आल्या आणि जयश्रीला म्हणाल्या, "मोठी कढई काढ."

पुढचं मला जयश्रीने सांगितलं. तिला आधी वाटलं, सासूबाई काही दुसरंच म्हणताहेत. मग ती म्हणाली, "आई, अजून वर्ष झालं नाही."

"मले माहीत आहे."

"ह्यांना येऊ द्यायचं का? संध्याकाळी विचारू."

"त्याले काय विचाराचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "अंगणाकडचं दार लावून घे. मार्थाकडे वास नको जायले. पडवीत चूल पेटव."

पडवीतल्या संत्र्यांच्या टोपल्या एका बाजूला सरकवून तिथे चूल मांडली. वारा मागच्या बाजूला होता. श्रीधर आला तेव्हा शंकरपाळे संपून करंज्या चालू होत्या आणि रूथ कडा कातत बसली होती. तो दारातच थांबला.

"आई, हे काय करून राहिली?"

"दिसून राहिलं नं."

"बाबांचं वर्ष आहे. गावात काय तोंड दाखवू मी? काका काय म्हणतील?"

वच्छलाबाईंनी झारा परातीवर टेकवला. "तुहा बाप गेला, माहा नवरा गेला. वर्ष कसं पाळाचं ते मी पाहीन. ही लेकराची कढई आहे. हात-पाय धू आन जेवून घे."

श्रीधर त्या दिवशी जेवला नाही. जयश्रीला म्हणाला, डोकं दुखतंय. पण तो कोणाला बोललाही नाही.

बोलले ते यशवंतराव. दुसऱ्याच दिवशी ते मोहगावहून टेम्पोत माल घेऊन आले. टोपल्या उतरवायला पडवीत गेले तर तिथे चूल, कढई, आणि वर्तमानपत्रावर पसरलेल्या करंज्या. दोघंही त्या घरची शांत माणसं, त्यामुळे आवाज चढला नाही. बोलणं पुढच्या दारात झालं; मी समोर आमच्या ओट्यावर गहू निवडत होते, मला ऐकू आलं.

"वहिनी, भाऊ जाऊन तीन महिनेही नाही झाले."

"हो भाऊजी."

"किरायेदाराच्या सणासाठी तुम्ही कढई चढवली?"

"हो."

"मंग दिवाळीले काहून नाही चढवली? आमच्या घरी पोरांनी चकलीचा तुकडा नाही पाहिला. सांगितलं, काकाजींचं वर्ष आहे."

यशवंतरावांचं म्हणणं खोटं नव्हतं. वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. यशवंतरावांनी तो घेतला नाही. टोपल्या उतरवल्या, टेम्पोत बसले आणि निघून गेले. त्यानंतर माल आला की त्यांचा गडी येई, ते स्वतः येत नसत.

नाताळच्या दिवशी मनोहरबाबूंना दुपारपर्यंत सुट्टी मिळाली. एरवी ते प्रार्थनेला नागपूरला जात. त्या वर्षी मार्थाच्या खाटेशेजारी बसून त्यांनी बायबल वाचलं आणि बाप-लेकीने गाणी म्हटली. मार्था भिंतीला टेकून बसली होती. डोळे अजून पिवळेच होते. पुढ्यात ताट होतं, त्यातलं तिला काहीच खाता येणार नव्हतं, पण ताट आपल्यासमोरच असू दे म्हणाली.

नंतर रूथ फराळाची ताटं घेऊन निघाली आणि दोन दारांवरूनच परत आली. लोक तिला वाईट बोलले नाहीत. एकीने राहू दे म्हटलं, दुसरीने दार किलकिलं करून, आमच्याकडे पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. साथीच्या घरातलं खायला नको, एवढंच त्यात होतं. त्यांच्याही घरात आजारी माणसं होऊन गेली होती.

रूथ अंगणात ताट घेऊन उभी राहिलेली वच्छलाबाईंनी पाहिली. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं. त्यांनी लुगड्याचा पदर सारखा केला, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतः गल्लीत उतरल्या.

वर्षातली बाई, कपाळ मोकळं, सणाचं ताट घेऊन दारोदार. तसं कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या सासूबाई दारात होत्या, त्यांना काय करावं सुचेना. वच्छलाबाई म्हणाल्या, "माह्या घरी तळलं आहे. माह्या हातचं आहे. घ्या." सासूबाईंनी घेतलं. मग शेजारच्यांनी घेतलं, त्यांच्या पलीकडच्यांनी घेतलं. मघाच्या त्या दोन घरांनीही घेतलं. सगळ्यांनी खाल्लं का, ते मला माहीत नाही. आमच्या सासूबाईंनी त्यातलं आधी मला दिलं, आणि मला काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः खाल्लं. वच्छलाबाईंना ते कळलं असतं तरी त्यांना वाईट वाटलं नसतं असं मला वाटतं. घेतलं की त्यांचं काम झालं होतं.

गल्लीत पुढे महिनाभर ह्याची चर्चा होत होती. संक्रांतीच्या दिवसांत काही जणींनी त्यांना टाळलं. तसंही त्या वर्षी त्या कोणाकडे जाणार नव्हत्या. नवरा जाऊन इतक्यातच त्यांना सणाची हौस आली, असं एकीने माझ्यासमोर म्हटलं.

फेब्रुवारी संपताना मार्था उठून कामाला लागली. अशक्तपणा होता, पण पोळ्या करू लागली. साथही ओसरली.

होळीच्या सुमारास जयश्री एका लग्नाला मोहगावला गेली होती. तिथे यशवंतरावांच्या बायकोने, उर्मिलाबाईंनी, तिला बाजूला घेऊन विचारलं, "मोठ्या बाई आता कशा आहेत? खातात-पितात ना?" त्या प्रश्नात जरा टोचणी होती. जयश्रीला राग आला आणि तिने सांगून टाकलं की सासूबाईंनी पितृपक्षापासून तळलेलं आणि गोड तोंडात घातलेलं नाही. दिवाळीला आलेले डबे त्यांनी मुला-सुनेला दिले. नाताळात एवढ्या करंज्या केल्या, रूथने हातात एक आणून ठेवली, तर ती त्यांनी पदराआड धरून ठेवली आणि नंतर गायीला घातली. चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होत्या.

"तुला त्यांनी सांगितलं?" उर्मिलाबाईंनी विचारलं.

"त्या कुठं सांगतात. चहा मीच करते नं."

उर्मिलाबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं असणार. कारण पंधरवड्याने यशवंतराव एका सकाळी पांढुर्ण्याला आले. माल नव्हता, हंगाम संपला होता. पिशवीत बागेच्या बांधावरची वांगी होती. ते पडवीत बसले. वच्छलाबाई बाहेर आल्या.

"बागेत पानी कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"विहीर उतरून राहिली. मे काढला म्हणजे झालं."

"चहा घेता?"

"घेतो. माहाही बिनसाखरेचाच कर म्हना जयश्रीले. डॉक्टरनं बंद केली."

डॉक्टरने बंद केली होती की नाही, कोण जाणे. दोघांनी कडू चहा घेतला आणि बराच वेळ बागेबद्दल बोलत बसले. नाताळचा विषय कोणीच काढला नाही.

पितृपक्ष आला तेव्हा वर्षश्राद्धाला मोहगावचं सगळं घर दोन दिवस आधी येऊन राहिलं. वडे झाले, खीर झाली. पान मांडल्यावर यशवंतरावांनी स्वतः वच्छलाबाईंच्या पानात वडे वाढले आणि तिथेच उभे राहिले. वच्छलाबाईंनी वडा मोडला आणि खाल्ला. मग ते पुढच्या पानाकडे गेले.

पाटोळ्यांचं घर त्या दिवशी जेवायला होतं, पण दुसऱ्या पंगतीला. यशवंतरावांच्या मानाने तेवढंही पुष्कळ होतं.