विहिरीवर बसलेली मुकादमीण

खरं तर इथं येऊन जवळ बसायला हवं होतंस, पोरी. पुण्यात राहून "आमची आजी कशी होती ते लिहून पाठवा" म्हणतेस. अशानं माणूस कळतं होय गं? तरी लिहिते, कारण तिच्या शेजारी जन्म काढलेली आता मीच उरले आहे.

तुझ्या आजीला हळू बोलता येत नव्हतं. शेतात तण काढणाऱ्या, भांगलणीच्या बायकांची टोळी ती चालवायची, म्हणून वस्ती तिला मुकादमीण म्हणायची. गडमुडशिंगीच्या रस्त्यावरनं तिनं हाक दिली की आम्ही घरात पदर खोचायचो. मयताच्या घरीही समजूत काढायची ती बाजारात भाव केल्यासारखी. जरा हळू म्हटलं तर म्हणायची, "हळू बोलाय मी काय चोरी केल्या?"

तो आवाज बसला शोभा गेली तेव्हा. शोभा म्हणजे तुझी मामी, तिची एकुलती सून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वस्तीला सरकारी बोअर होती, पण तिच्या पाण्यात मँगनीज. हापसताना पाणी स्वच्छ, घागरीत घटकाभर राहिलं की काळपट. पांढऱ्या साड्यांवर डाग, तोंडात लोखंडाची चव. म्हणून आम्ही ओढ्याकाठच्या विहिरीचं प्यायचो. नितळ होतं ते, काचेसारखं. त्यातनंच कावीळ आली. बाकीचे उठले. शोभाला आठवा महिना होता, ती उठली नाही. पोटातलं बाळही गेलं.

मग पाण्याच्या खात्यातले एक साहेब आले. त्यांनी बोअरशेजारी वाळूची टाकी बांधून घेतली. पाणी वरून पसरून पडायचं, त्यात ब्लीचिंगची पावडर टाकायची आणि ते वाळूतून गाळून खाली यायचं. हळूहळू वाळू काळी झाली आणि पाणी स्वच्छ राहू लागलं. टाकीची राखण मुकादमिणीनं अंगावर घेतली. बोलायची मात्र कामापुरतं.

पुढं चौदा एप्रिलची जयंती आली. साफसफाई करताना मंडळाच्या पोरांनी टाकी उघडली आणि काळी वाळू बघून त्यांना किळस आली. सगळी उपसून विहारामागं टाकली, नदीची नवी वाळू भरली. मायेनंच केलं हो त्यांनी. पण पाणी पुन्हा काळं. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, वाळूवरचा तो काळा थरच मँगनीज धरून ठेवत होता. जुनी वाळू यात मिसळा आणि थर धरेपर्यंत थांबा.

थांबायचं कुणी? घागरी निघाल्या विहिरीकडं. आणि तुझी आई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवसभरात चार घरी बसायची, कुणाच्याही तांब्यानं पाणी प्यायची.

मुकादमीण विहिरीच्या काठावर जाऊन बसली. ओरडली असती तर आम्ही भांडलो असतो. ती ओरडलीच नाही. वस्तीतले एक म्हातारे चिडून म्हणाले, "आपल्याला पाणी अडवणारे काय कमी होते, म्हणून आता तू बसलीस?"

"मी अडवत न्हाय, बाबा," ती म्हणाली. "शोभाचं नाव घ्या आणि घागर भरा."

म्हाताऱ्यांनी दोर गुंडाळला. रिकामी घागर घेऊन माघारी फिरले. मागून आलेल्या बायकाही तशाच. शेवटी तुझा मामा आला. दोर घागरीला बांधला, पुन्हा सोडला. मग दोर खाली ठेवला, सायकल काढली आणि शहरात राजारामपुरीतल्या ओळखीच्या नळावरनं कॅन आणू लागला. त्याच्या मागं आणखी सायकली निघाल्या. वाळू काळी होईपर्यंत वस्ती त्याच पाण्यावर जगली.

तू जन्मलीस त्या दिवशी मुकादमीण माझ्या दारात आली. "दोघी जित्या हायत," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून शोभासाठी रडली. तोवर रडली नव्हती. तुझ्या बापाकडची माणसं म्हणाली, मुलगी झाली म्हणून रडत्या.

आता नळ आलेत, टाकी पडली, विहीर बुजवली. मुकादमीण झोपेतच गेली, तेव्हा तू शाळेत होतीस. तुझ्या मामानं पुन्हा लग्न केलं नाही. थकलाय, एकटाच असतो. शोभाचं नाव त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलं नाही. ये गं लवकर. त्याला काही विचारू नकोस, नुसती त्याच्याजवळ बस. जेवायला माझ्याकडं ये.