मधली सीट

उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे दार उघडले की आतून जो वास येतो, तो मला आजही एकदम दोन ऋतूंत नेऊन सोडतो. रेक्झिन, तापलेला पत्रा, थोडेसे ग्रीस आणि सीटवरून न काढलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकचा गोडसर दर्प. त्यात वाळल्या कडब्याचा वास मिसळला की आधी कार्तिकातली एक कोवळी सकाळ आठवते आणि लगेच तिच्या पाठोपाठ चैत्र संपतानाची एक धुळकट दुपार येते. या दोन्हींच्या मध्ये साडेपाच महिन्यांचे अंतर आहे आणि माझ्या वहीतली अकरा कलमे आहेत.

मला यादी करायची सवय आहे. लग्न होऊन शिरूर कासारजवळच्या या शेतवस्तीवर आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात लक्षात आले की इथे विसरलेली वस्तू दुसऱ्या दिवशी मिळत नाही, पुढच्या आठवडी बाजाराला मिळते. तेव्हापासून दोरीने पेन्सिल बांधलेली एक वही माझ्याजवळ असते. जे लिहिले ते होते, जे लिहिले नाही ते राहून जाते, इतकी साधी माझी समजूत. त्या वहीने वीस वर्षे मला दगा दिला नव्हता.

गाडी घ्यायचे ठरले ते यजमानांसाठी. मोटरसायकलवरून पडल्यापासून त्यांच्या मणक्यात कायमचा दोष राहिला होता. कमरेला रुंद पट्टा बांधून ते ओसरीवर बसत आणि तिथून बागेचा अंदाज घेत. मोसंबीची ही बाग त्यांनी स्वतः लावलेली, खड्डे स्वतः उभे राहून घेतलेले, आणि आता कोणते झाड फुलले, कुठल्या ओळीला पाणी पोचले नाही, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. बैलगाडीचे हिसके त्यांना सोसत नव्हते. सिंदफणेच्या पात्रातून बागेकडे जाणारी वाट गोट्यांची, पुढे मुरमाची. वर्षभर ते ओसरीच्या पायऱ्या उतरले नव्हते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू बंद खोलीतल्या भिंतीसारखा एक ओलसर फिकेपणा उतरू लागला होता.

ते दिवस नवलाईचे होते. त्याआधी जीप हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि मिळेल ती गाडी मिळेल त्या रंगात मुकाट्याने घरी आणायची, अशी रीत. आता एकाएकी बीडमध्ये काचेच्या भिंतींचे दुकान उघडले होते. गळ्याला टाय लावलेला माणूस हातात रंगीत कागद देऊन विचारत होता, रंग कोणता आवडेल. आम्हाला आवडीचे कुणी विचारण्याची सवय नव्हती. त्या प्रश्नाने मी क्षणभर गोंधळले, मग वही उघडली.

तिथल्या प्रत्येक गाडीत मी बसून पाहिले, पाय लांब करून, पाठ टेकवून, डोळे मिटून. उघड्या जीपला मागे समोरासमोर लांब बाकडी होती. पोती, पाइप, पाण्याची मोटर, काहीही टाकता आले असते, पण बाकडे म्हणजे निव्वळ पत्रा. नव्या बंद गाडीला मात्र मध्ये अख्खी रुंद सीट होती, गुबगुबीत, पुढे तोंड करून बसायची, आणि तिच्या मागे खताची चार-पाच पोती मावतील एवढी जागा. पायरीची उंची मी टेपने मोजली. दाराची रुंदी मोजली. सीट आणि छतामधले अंतर मोजले, कारण यजमान उंच आहेत. पहिले कलम लिहिले : यांना पाठ टेकून दोन तास बसता यावे. बाकीची कलमे त्या पहिल्याच्या मागे उभी राहिली.

दुकानाच्या माणसाने ती गाडी दाखवायला, आणि पसंत पडली तर ठेवून जायला, वस्तीवर आणली, ती कार्तिकातली सकाळ. तुरीची फुले पिवळीधमक, हवेत गारवा, आणि अंगणात गाडीभोवती सगळी वस्ती. मी प्रत्येकाला विचारत होते, लिहीत होते. आमचे सालगडी किसनमामा सगळ्यांत शेवटी पुढे आले. वर्षाच्या बोलीवर राहिलेला हा माणूस माझ्या लग्नाआधीपासून इथे होता. यजमानांना त्यांनी खांद्यावर खेळवले होते. बाजारात बैल पाहावा तसे ते गाडीभोवती फिरले, खाली वाकून सीटच्या बुडाशी हात घातला, आणि म्हणाले,

"वैनी, ही मधली शीट निघती का?"

यजमान हसले. "कावून काढायची मामा? तिच्यासाठीच तर गाडी घ्यायलो आपण."

"मामाला बाज टाकायची हाय आत," सलीम म्हणाला. तो गाडी चालवायला राहणार होता, आणि आदल्या दिवसापासूनच गाडी आपली असल्यासारखा वागत होता. "झोपून जानार सासुरवाडीला, नवरदेव!"

सगळे हसले. मामाही हसले. "सासुरवाडीत कोन ऱ्हायलंय आता माझं? तसं न्हाई रे. जवानीत मी कोयत्यावर गेलतो ना, तवाचं सांगतो. फडात मानूस पडलं, नडलं, तर गाडीत पाचट आथरून आडवं न्यायचो आमी. आडवं मानूस न्यायचं म्हनलं तर जागा पायजे का न्हाई?"

पेन्सिल माझ्या हातात होती. ऊसतोडीला जाऊन आलेला माणूस काय सांगतो आहे ते मला पुरते समजले होते. पण समोर नव्या गाडीला कुंकवाची बोटे लावायला सुवासिनी ताट घेऊन उभ्या होत्या, आणि अशा वेळी असे बोलणे मला सोसले नाही.

"शुभ बोला मामा," मी म्हटले. त्यांनी जीभ चावली, दोन्ही हात कानांना लावले आणि मागे सरकले. मी अकरावे कलम लिहिले : गाडी धुण्यासाठी विहिरीजवळ फरशी.

नववे कलम बैलगाडी कमी करण्याचे होते. व्यवहाराला धरूनच होते ते. गाडी आल्यावर बैलजोडी कशासाठी बांधून ठेवायची? बैल बाजारात गेले, त्यांच्या मागून गाडीही गेली. मामांनी फक्त घुंगुरमाळा ठेवून घेतल्या आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवल्या. दोन दिवस ते गोठ्यातून बाहेर आले नाहीत. मला वाटले, सवय व्हायला एवढे दिवस लागायचेच.

नव्या गाडीची पूजा करायला आम्ही कपिलधारला गेलो. यजमान मधल्या सीटवर रेलून बसले होते, आणि वाटेत एकदाही त्यांनी कमरेला हात लावला नाही. धबधब्याच्या तुषारांनी काच ओली झाली, तेव्हा ते लहान मुलासारखे तिच्यावर बोट फिरवत राहिले. शेजारी जागा रिकामी होती. मी मामांना म्हटले, इथे बसा. ते मागे नारळांच्या पोत्याशेजारी गुडघे छातीशी घेऊन बसले. "माझे पाय मातीचे हायत वैनी. नवी शीट हाय." त्यानंतर साडेपाच महिन्यांत ते कितीदा तरी त्या गाडीतून आले-गेले, पण सीटवर कधी बसले नाहीत, आणि पुन्हा कधी मीही आग्रह केला नाही.

तो हिवाळा आमच्या घरातला फार चांगला हिवाळा होता, हे लिहिले नाही तर खोटेपणा होईल. रोज सकाळी दव वाळायच्या आत यजमान बागेत जाऊन येत. त्यांच्या आवाजात पूर्वीची धार परतली. ते पुन्हा लोकांवर रागावू लागले, आणि ओसरीवरून ऐकू येणाऱ्या त्या रागाने मला हायसे वाटे. माझी निवड अचूक ठरली होती. वहीत पहिल्या कलमापुढे मी बरोबरची खूण केली, जरा मोठीच.

चैत्र संपत आला होता. दुपारी बालाघाटाच्या डोंगरावरून अचानक काळे आभाळ चालून आले, आणि वाऱ्याने कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री उडू लागली. वर्षाची वैरण ती. मामा शिडी लावून वर चढले. मी खालून दोरी फेकत होते. एक टोक त्यांनी बांधले, दुसऱ्यासाठी वाकले, आणि गंजीचा तो कोपराच त्यांना घेऊन घसरला. कडब्याच्या पेंढ्या पडल्या त्याचा आवाज फार मऊ होता. त्या मऊ आवाजाच्या आत दुसरा एक आवाज झाला. ते जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर पाठीवर पडले होते.

शुद्धीवर होते. ओठ पांढरे पडले होते, पण बोलत होते. सलीमने गाडी अगदी जवळ आणून लावली. मी, सलीम आणि शेजारच्या शेतातल्या दोन बायका, आम्ही चौघांनी त्यांना काखेत धरून उचलले आणि मधल्या सीटवर बसवले. मागच्या जागेत ठेवणे शक्यच नव्हते, तिथे गुडघे मुडपूनच बसावे लागते. यजमान पट्टा बांधून अंगणात आले होते. त्यांना उचलता येत नव्हते, म्हणून ते सांगत होते, "नीट बसवा, मान धरा, पाठीला आधार द्या." आणि त्यांनी स्वतःची कमरेची उशी आणून मामांच्या पाठीमागे घातली. आम्ही जे केले ते सगळे मायेने केले. शेजारी बसून मी मामांना खांद्याने सावरून धरले.

बाहेर टपोरे थेंब पडत होते. नदीपात्रातल्या गोट्यांवरून गाडी उडाली तशी मी विचारले, "मामा, लई दुखतंय का?"

"न्हाई वैनी," ते म्हणाले. "आता काईच लागंना."

मला बरे वाटले. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "शीट लई मऊ हाय वो. आज पयल्यांदाच बसलो. खाली काय हाय, कळतबी न्हाई."

आणि त्या क्षणी, हे सांगायला मला आजही जड जाते, माझ्या मनात गाडीविषयी अभिमानाची एक बारीकशी लहर उमटून गेली.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला टाचणी टोचली. मामा छताकडे पाहत होते. दुसऱ्या पायाला टोचली. मामांनी विचारले, "सुरू केलं का न्हाई अजून?"

"बसवून आणलंत यांना?" डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले.

"गाडीत आडवं करायला जागा नव्हती," मी सांगितले. माझेच वाक्य मला ओळखीचे वाटले. ते मी कुठे ऐकले आहे, हे आठवायला थोडा वेळ लागला.

पुढे काही दिवसांनी मी डॉक्टरांना एकटे गाठून विचारले, की हे पडल्यामुळे झाले, की बसवल्यामुळे. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, पडतानाच झाले असेल, कदाचित नसेल. वाटेत वाढले असेल, कदाचित नसेल. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. अशा उत्तरापुढे कोणती खूण करायची ते माझ्या वहीला ठाऊक नव्हते.

मामांना घरी आणायचे त्या दिवशी सलीम पाना घेऊन गाडीखाली शिरला. मी अंगणात उभी होते. दहा मिनिटेही लागली नसतील. सीट सुटून एका बाजूला कलली, आणि सलीम तसाच मातीत बसून राहिला, तळहातावर काहीतरी घेऊन.

"भाभी," तो म्हणाला, "चारच नट हायत वो."

ती सीट आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यावर कुणी बसत नाही. यजमान आता ड्रायव्हरशेजारी बसतात. तिथे त्यांना त्रास होतो, ते बोलत नाहीत, पण बागेत रोज जातातही असे नाही. मामांच्या मुलाने आणि सुनेने कोयत्यावरून परतल्यावर त्यांची बाज गोठ्याजवळच्या खोलीत टाकली, कारण मामांना तिथेच राहायचे होते. खुंटीवरच्या घुंगुरमाळा पडल्या पडल्या दिसतात. त्यांनी मला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी तो लिहून घेतला असता आणि त्याचे काहीतरी केले असते.

आषाढात त्यांना तपासणीला नेऊन परत येत होतो. मधल्या मोकळ्या जागेत गादी घातली होती, आणि मी त्यांच्या उशाशी गाडीच्या पत्र्यावर मांडी घालून बसले होते. खालचा प्रत्येक दगड मला कळत होता. पाऊस ओढ देऊन बसलेला, आभाळ राखेसारखे. बागेच्या कडेने जाताना मामा एकदम म्हणाले, "थांबवा जरा."

सलीमने गाडी थांबवली.

"वैनी, मोसंबीचे शेंडे वाळायलेत. वरून मरायलंय झाड."

मी खिडकीबाहेर पाहिले. डोळ्यांसमोर पाने होती, हिरवी, रोज पाहते तशीच. तसे मी म्हणालेही.

"उभ्या मानसाला न्हाई दिसायचं ते," मामा म्हणाले.

मी वाकले, आणखी वाकले, आणि त्यांच्या उशीजवळ डोके नेऊन त्यांच्या नजरेने वर पाहिले. हिरव्या पानांच्या वर, राखाडी आभाळाला टेकलेल्या, बारीक हाडांसारख्या उघड्या काड्या होत्या. पहिल्या झाडाला होत्या. पलीकडच्याला होत्या. यजमानांनी पुढून मान वळवून विचारले, "काय झालं?"

मग मी उठून बसले आणि वही उघडली. कलमाला आकडा घातला नाही. पेन्सिल टेकवून विचारले, "मामा, आणखी काय काय दिसतंय?"

त्यांनी डोळे बारीक केले.

"सांगतो," ते म्हणाले. "गाडी तेवढी हळू घ्यायला सांगा."