घरच्यांच्या आवाजात

बसस्थानकावर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणाऱ्या बाईच्या जागी एके दिवशी यंत्र आलं आणि बाई घरी आली. सोबत आणलं ते फक्त टोपणनाव. सगळं स्थानक तिला सूचनाबाई म्हणायचं, तेच पुढे गल्लीनेही उचललं. आई म्हणाली, "आता त्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय?"

लोणचं नाही, पण आवाजाला गिऱ्हाईक मिळालं. जुन्या गोदामामागच्या मैदानात एक म्हातारे मास्तर लोकांची कुत्री शिकवायचे. त्यांना हाताखाली माणूस हवं होतं. तिने नुसतं "बस" म्हटलं आणि मैदानातली दोन कुत्री आणि दुधाचे कॅन उतरवणारा माणूस, तिघेही खाली बसले. मास्तरांनी तिथल्या तिथे तिला ठेवून घेतलं.

"कुत्र्याला शब्द कळत नाही, सूर कळतो," मास्तर सांगायचे. "तुझा सूर फूटपट्टीने आखल्यासारखा आहे. तो सांभाळ."

वर्षभर तिने पिंजरे धुतले, पाणी भरलं, पट्टे ओढले आणि पट्ट्यांमागे ओढलीही गेली. मग मास्तरांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. खुर्चीत बसून ते म्हणाले, "एक कुत्रं सर्वस्वी तुझं. घरी जाऊन नीट वागलं, तर उद्यापासून तू शिकवणारी. नाही वागलं, तर बादली आहेच."

ते कुत्रं म्हणजे बटाट्या. पिल्लू असताना गोल होता म्हणून नाव पडलं. आता वासराएवढा झाला तरी नाव तेच. त्याला घेऊन आलेल्या गृहस्थांच्या हाताला पट्टी होती. घरात त्यांना सगळे साहेब म्हणायचे, त्यांची आईसुद्धा.

"मला चावला," साहेब म्हणाले. "महिन्याभरात सुधारला तर ठेवू. नाहीतर डॉक्टर शेवटची सुई द्यायला तयार आहेत." पंखा दुरुस्त होतो की नवा घ्यावा लागेल, तसं म्हणाले.

बटाट्या हुशार होता. चार दिवसांत बसायला, थांबायला, बोलावलं की यायला शिकला. सूचनाबाई हरखली आणि त्याला घरी दाखवायला घेऊन गेली. तिथे सगळं मुसळ केरात.

कारण घरात तिचा सूर कोणाचाच नव्हता. साहेबांची आई म्हणाली, "बस रे माझ्या राजा, बसतोस ना, हो की नाही, शहाणा आहेस ना तू, आता बसला नाहीस तर मग कधी रे बसणार?" बटाट्या कीर्तन ऐकावं तसा मान वाकडी करून उभा. साहेबांची बायको, वहिनी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बस?" तिचं प्रत्येक वाक्य परवानगी मागूनच बाहेर यायचं. बटाट्याने परवानगी दिली नाही. सोफ्यावरून साहेब एकदाच म्हणाले, "ए. बस." कुत्रं टेबलाखाली गेलं ते पट्टा ओढूनच काढावं लागलं.

परतताना सूचनाबाईने ठरवलं, कुत्र्याला घरच्यांच्याच आवाजात शिकवायचं. नकला तिला उपजत येत. स्थानकाच्या व्यवस्थापकाची नक्कल करून तिने एकदा अख्ख्या कॅन्टीनचा चहा फुकट करवला होता. आता मैदानात ती कंबरेत वाकून "माझ्या राजा, बसतोस ना" करू लागली, मग पदर सावरत "बस?" विचारू लागली. मास्तर खुर्चीत खुसुखुसू हसायचे. "आजीबाईंना दम लागतो, तो राहिला," म्हणायचे. ती दमही घ्यायची. बटाट्या आजींच्या सुराला बसायला लागला, मग वहिनीच्या.

राहिला साहेबांचा आवाज. तो तिने नीट ऐकून ठेवला होता: आधी नाकातून श्वास सोडायचा, मग "ए", मग थोडं थांबायचं, आणि त्या थांबण्यातच पुढचं सगळं असायचं. पहिल्यांदा तिने तो काढला तेव्हा बटाट्या पोट जमिनीला लावून आडवा झाला आणि त्याच्याखाली ओलं झालं.

"हा धडा जड आहे," तिने स्वतःला समजावलं. जड धड्याला सराव लागतो, म्हणून सराव केला. हाताने बिस्कीट द्यायचं, तोंडाने साहेब व्हायचं. शेवटी बटाट्या त्या आवाजालाही बसला.

"कान बघ त्याचे," मास्तर म्हणाले. कान मागे चिकटले होते.

"पण बसला ना?"

 तिला पुढचं ऐकायचं नव्हतं. सुई टळणार होती, बादली सुटणार होती.

परीक्षेच्या संध्याकाळी ती बटाट्याला घेऊन घरी पोचली, पण साहेबांना यायला उशीर झाला. आजींच्या एका "राजा"ला बटाट्या बसला तेव्हा म्हातारी डोळे पुसायला लागली. वहिनीने स्वयंपाकघरात जायच्या आधी हळूच "बस?" म्हणून पाहिलं, बसला. ती हसली, आणि हसलेलं कोणी पाहिलं का ते बघून आत गेली.

"आणि आमच्या साहेबांचं ऐकेल का गं?" आजी म्हणाल्या.

"दाखवते की," सूचनाबाई म्हणाली. आता तिला चेव आला होता. खांदे ताठ केले, नाकातून श्वास सोडला. "ए." थांबली. "बस."

बटाट्या बसला. आणि स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. "आले, आले, झालंच," म्हणत वहिनी धावत बाहेर आली. ओले हात पदराला पुसत होती, आणि मान दोन्ही खांद्यांच्या मध्ये ओढून घेतली होती. खोलीत साहेब नव्हते. तिने सोफ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग सूचनाबाईकडे.

 आजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. ते बंद होतं. सूचनाबाईने खाली पाहिलं. बटाट्याचे कान मागे चिकटलेले होते, अगदी वहिनीच्या खांद्यांसारखे. महिनाभर आपण काय पाठ करून घेतलं ते तिला आत्ता कळलं. घाबरायचंच, पण बसून.

तेवढ्यात साहेब आले. बूट काढता काढता म्हणाले, "ए. बस." बटाट्या बसला.

"वा," साहेब म्हणाले. "पैसे वसूल. मास्तरांना सांगा, पास."

एक "हो" म्हटलं की झालं असतं. कुत्रं जगलं असतं आणि तिच्या नावाची पाटी मैदानाच्या फाटकाला लागली असती. सूचनाबाईच्या तोंडून भलतंच आलं, आणि आलं ते जुन्या, सरळ आवाजात. याच आवाजात तिने वर्षानुवर्षं गाड्या उशिरा धावत असल्याचं सांगितलं होतं आणि त्याच्याशी कधी कोणी हुज्जत घातली नव्हती.

"नापास आहे. कच्चा राहिलाय. असाच ठेवलात तर परत चावेल. आणखी शिकवावं लागेल, आणि घरातल्या एका माणसाला रोज मैदानावर यावं लागेल."

"मला कुठला वेळ?"

"आईंना उभं राहणं झेपणार नाही."

"मग हिला पाठवतो." त्यांनी वहिनीकडे न बघता हात केला. "सुई तोवर राहू दे. किती दिवस?"

"ते कुत्र्यावर आहे."

मास्तरांनी मैदानात तिला आणि बटाट्याला परत आलेलं पाहिलं. "नापास झाला?"

"केला."

 मास्तरांनी काठीने बादली तिच्याकडे सरकवली. "त्या घराची शिकवणी आपण घेत नाही, लक्षात ठेव. आपला धंदा कुत्र्यांचा."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. फाटकाशीच उभी राहिली. सूचनाबाई म्हणाली, "काल चुकलंच माझं. तो आवाज काढायला नको होता."

"अगदी तसाच होता," वहिनी म्हणाली. फाटकाची कडी काढत म्हणाली, "मला वाटायचं, तो फक्त मलाच ऐकू येतो."

 सूचनाबाईने पट्टा वहिनीच्या हातात दिला. "बसायला सांगा त्याला. विचारू नका, सांगा."

"बस?"

बटाट्या लगेच बसायला वाकला. हाच सूर तर सूचनाबाईने त्याला शिकवला होता.

"नाही, हा सूर नाही," सूचनाबाई पट्टा वर धरत म्हणाली. "हा मोडायचाय. तुमचा तुम्ही शोधा. मी नक्कल करणार नाही."

वहिनीने तोंड उघडलं, मिटलं. कुत्रं उभं राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. सूचनाबाई पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. कोणालाच घाई नव्हती. घरी जायची तर मुळीच नव्हती.