ड्रायव्हरच्या बायकोचा मधुचंद्र

पडदे शिवणाऱ्या बाईने पन्नाशीला टेकताना लग्न केलं आणि वर मधुचंद्राला जायचं ठरवलं, तेव्हा तिच्या भावजयीला हसू आवरेना. "वन्सं, या वयात?"

"मग काय पुढच्या वयात जाऊ?" असं म्हणून बाईने बॅग भरायला घेतली. एकदा मनात आणलं की ते तडीस नेल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती शिवायची त्या पडद्यांच्या दुकानाचा मालक म्हणायचा, हिने कापलेलं कापड आणि हिने घेतलेला निर्णय, दोन्ही परत जोडता येत नाहीत.

नवरा टूर कंपनीचा बसड्रायव्हर. सगळे त्याला उस्ताद म्हणत. अर्धं आयुष्य त्याने हौशी लोकांना द्राक्षमळ्यांच्या रस्त्याने वाइनऱ्या दाखवायला नेलं होतं, पण एकाही वाइनरीच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. लोक आत जायचे, हा बसपाशी थांबायचा. लोक लाल चेहऱ्यांनी गाणी म्हणत परत यायचे, हा डोकी मोजून दार लावायचा. स्टिअरिंग धरणाऱ्याने ग्लास धरायचा नाही, हा त्याचा नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नाही.

म्हणूनच बाईने हट्टाने तोच रस्ता निवडला. "जन्मभर लोकांना नेलंत, आता मला न्या. पण चालवायचं नाही हं. माझ्या शेजारी बसायचं आणि माझ्याबरोबर आत यायचं." त्याने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

कंपनीची बस या वेळी दुसरा ड्रायव्हर चालवत होता. बस निघाली आणि पहिल्याच वळणावर उस्तादने उजवा पाय करकचून दाबला. तिथे ब्रेक नव्हता, बायकोचा पाय होता. घाट संपेपर्यंत तिने दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

पहिल्या वाइनरीत सगळे उतरून आत निघाले. उस्तादने बसभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि सावली धरून उभा राहिला. "तू जाऊन ये. मी आहे इथे."

ती तणतणत एकटीच गेली. आत लाकडी पिंपांच्या रांगा होत्या, गार वास होता आणि एक मुलगी ग्लास कसा हलवायचा ते शिकवत होती. बाकीच्या जोडप्यांनी एकमेकांच्या ग्लासातलं चाखलं. बाईला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला.

संध्याकाळी गाडी खेड्यातल्या गेस्ट हाऊसला लागली. मालकीणबाई उस्तादला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. कंपनीने पाठवलेल्या नावांकडे न बघताच त्यांनी सवयीने त्याच्या हातात स्वयंपाकघरामागच्या ड्रायव्हरच्या खोलीची किल्ली ठेवली. आणि हा शहाणा हू की चू न करता आपली बॅग उचलून तिकडे गेला! इकडे बायको वरच्या खोलीत, खिडकीचा पडदा मापापेक्षा आखूड का शिवलाय याचा विचार करत बसलेली. बराच वेळ झाला तरी नवऱ्याचा पत्ता नाही, तशी ती शोधत खाली आली. तो अरुंद खाटेवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"अहो, इथे काय करताय?"

त्याने खोलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग त्याला उमगलं. तो ओशाळला. "चुकलंच माझं. पाय आपोआप इकडे वळले."

"आणि दुपारी?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "तिथे आत मला कोण ओळखतं गं? बसपाशी असलो की लोकांना माहीत असतं, हा कोण ते."

तिला त्याची कीव आली, पण ती विरघळली नाही. "उद्या मी ओळख करून देईन," ती म्हणाली आणि त्याची बॅग उचलून जिना चढू लागली. उस्ताद सुटलेल्या नाड्यांनिशी तिच्यामागे निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आत आला. दंड धरून आणावा लागला, पण आला. ग्लास भरून हातात आला, तेव्हा तो त्याने पेट्रोलच्या डब्यासारखा अंगापासून लांब धरला. तेवढ्यात टूर मॅनेजर धावत आला. बाहेर खोकी उचलताना बसच्या ड्रायव्हरला उसण भरली होती आणि त्याला बाकावरून उठताही येत नव्हतं.

"उस्ताद, तुम्ही आहात म्हणून बरं! दुसरा माणूस यायला संध्याकाळ होईल. चला, घ्या किल्ली."

सगळे प्रवासी त्याच्याकडे बघू लागले. "वा, प्रश्नच मिटला!" एक आजोबा म्हणाले. उस्तादची पाठ आपोआप ताठ झाली, मान वर आली. कालपासून हरवल्यासारखा दिसणारा माणूस एका क्षणात पुन्हा उस्ताद झाला होता. बाईने ते बघितलं. आता हा किल्ली घेणार, आणि उरलेला मधुचंद्र आपण याच्या पाठीकडे बघत काढायचा. एक शब्द बोललं असतं, तर तो थांबला असता. पण मग तिने थांबवलं म्हणून थांबला असता. तिने ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या पिंपाकडे बघत राहिली.

उस्तादने किल्लीकडे बघितलं. मग ग्लास तोंडाला लावला आणि कडू औषध घ्यावं तसा एका दमात रिकामा केला.

"आता मला चालवता येणार नाही," तो मॅनेजरला म्हणाला. "ऑफिसला फोन करा."

आजोबांनी कपाळाला हात लावला. कुणीतरी मोठ्याने कुरकुरलं. मॅनेजरचा चेहरा पडला. "उस्ताद, इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं तुम्ही!"

"लग्न तरी कधी केलं होतं?" उस्ताद म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते, पण तो जागचा हलला नाही.

मग तो बायकोकडे वळला आणि हळूच म्हणाला, "आंबट आहे गं. मला इतकी वर्षं वाटायचं, गोड असेल."