बारवेच्या पाण्यात काय टाकायचं

मुंबईच्या विमानतळावर आक्काबाईच्या पिशवीतून नारळ निघाला आणि सगळी रांग थांबली. तपासणीवाला म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा." आक्काबाईनं नारळ परत पिशवीत घातला. त्यानं परत काढला. मग ती माझ्याकडं वळली, "जया, ह्याला सांग, पान्याची ओटी हाय. परमुलखातल्या पान्याम्होरं मोकळ्या हातानं जायचं व्हय?"

मी भांडले. भांडणं हा माझा धंदाच आहे. सातवीनंतर शाळा सुटली, बाकीचं शिक्षण मोर्च्यात आणि तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर झालं. पण विमानतळापुढं माझंही चाललं नाही. शेवटी आक्काबाईनं नारळ त्या माणसाच्या हातात ठेवला आणि बजावलं, "देवाम्होरं फोड. कचऱ्यात टाकलास तर बघ."

तो मराठी निघाला. "व्हय मावशी," म्हणाला बिचारा.

आक्काबाई पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावची. साठी ओलांडलेली, काटक, बोलायला कमी आणि बघायला जास्त. नवऱ्यामागं कोरडवाहू तुकडा आणि चार शेळ्यांवर तिनं घर ओढलं. पण गावात तिला ओळखतात ते बारवेमुळं. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी ही जुनी दगडी विहीर. तळाशी कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. चैत्री पुनवेला बायका त्यांची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं पाण्यात सोडतात. पहिली ओटी आक्काबाईच्या घरची. तिच्या सासूनं मरताना दागिना दिला नाही, हा मान दिला; नवरा गेल्यावरही तो कुणी काढून घेतला नाही.

पण बारवेचं पाणी वास मारायला लागलं होतं. घरोघर नळ झाले, तसं खाली कुणी उतरेना. सरपंच अंगदनं ग्रामसभेत तुकडा पाडला, "आक्का, यंदाच्या चैत्रापर्यंत पानी नीट झालं तर ठीक. न्हाईतर वर स्लॅब टाकून सभामंडप बांधतो. डास लई झाल्यात."

मी उठून त्याला सुनावलं, की आपल्या आज्यांनी तहान भागवलेलं पाणी आहे, तुझ्या बापाचा प्लॉट नाही. तो शांतपणे म्हणाला, "मग ताई, एक तांब्या पिऊन दाखव." मी खाली बसले. हे उत्तर मला आजही सलतं, कारण ते बरोबर होतं.

त्याच हिवाळ्यात एका संस्थेचं बोलावणं आलं. इराणात यझ्द शहराजवळ जुनं पाणी सांभाळणाऱ्या बायकांचा मेळावा होता. आक्काबाईसोबत मी जायचं ठरलं. ती तयार झाली ती एकाच कारणासाठी. "तितल्या बाया पान्यात काय औषिद टाकत्यात, तेवढं इचारून येऊ. मग अंगदला दावते."

तेहरानहून बसनं निघालो. दोन्ही बाजूंना उजाड माळ आणि लांब उघडेबोडके डोंगर. मी म्हणत होते, केवढा हा देश, केवढे राजे इथं होऊन गेले. आक्काबाईनं खिडकीतून बघून घेतलं. "ह्यो तर आपला सुप्याचा माळ. फकस्त कांदा न्हाई."

यझ्दमध्ये आम्हाला फरीबा भेटली. पुण्यात शिकून गेलेली, हिंदी झकास, मराठीही बऱ्यापैकी. तिनं मातीच्या भिंतींच्या गल्ल्या दाखवल्या, छपरांवरचे वारा खाली ओढणारे मनोरे दाखवले. आक्काबाई सगळ्याला मान डोलवायची आणि विचारायची, "पानी कुटं हाय?"

पाणी जमिनीखाली होतं. डोंगराच्या पोटातून भुयार खणून मैलोन्मैल आणलेलं. नगर शहराला निजामशाहीत असंच खापरी नळांनी पाणी यायचं. त्याचे अवशेष आपण बघतो आणि पुढं जातो. इथं ते वाहतं होतं. जवळच्या एका खेड्यात फरीबानं आम्हाला पायऱ्या दाखवल्या, थेट खाली त्या पाण्यापर्यंत जाणाऱ्या. आक्काबाई थबकली. "अगं, ही तर बारवच!" आणि चपला काढून उतरायला लागली.

खाली गारवा होता. हातभर रुंदीचं पाणी, काचेसारखं, आवाज न करता चाललेलं. काठावर एक म्हातारी बसली होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिचं नाव गुलबानू. जुन्या पारशी धर्माची, इराणातून न हललेल्यांपैकी. आक्काबाईनं पाण्याला हात जोडले, पिशवीतून खण काढला, हळदकुंकवाची चिमूट घेतली आणि पाण्यावर हात नेला.

गुलबानूनं तिचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली. आणि ओरडायला लागली.

माझं डोकं सणकलं. "हात सोड! पूजा करतीय ती, विष कालवत न्हाई!" मी मराठीत, ती फारसीत. मध्ये फरीबा दोघींना आवरत होती. "ताई, सुनो तो! हिचं म्हणणं, ह्या पाण्यात काहीच पडता कामा नये. केस नाही, थुंकी नाही, फूलसुद्धा नाही. पाणी मैलं करण्यासारखं पाप नाही, असं हिच्या लोकांत हजारो वर्षं चालत आलंय."

"मग पूजा कशी करते म्हणावं ही?" मी तावातावानं विचारलं.

गुलबानूनं भांडं भरलं, चार पायऱ्या वर गेली, तिथं हात धुतले. मग हिरवी डहाळी आणली आणि पाण्यात नाही, काठावरच्या कोरड्या दगडावर ठेवली. आमच्या ओंजळीत बदाम-मनुका ओतल्या. झाली पूजा.

आक्काबाई मनगट चोळत होती. चिमूट तिनं परत पुडीत सोडली. मग म्हणाली, "फरीबा, इचार तिला, पानी येवढं नितळ ऱ्हायाला ह्या काय टाकत्यात?"

फरीबानं विचारलं. गुलबानू आक्काबाईकडं बघतच राहिली. मग एकच शब्द बोलली.

"काही नाही," फरीबा म्हणाली. "काही टाकत नाहीत."

परतीच्या वाटेत आक्काबाई हळदकुंकवाची पुडी मांडीवर धरून बसली होती. मी समजूत काढत होते, की त्यांचं वाहतं पाणी, आपलं साठलेलं, कुठं जुळतंय? तिनं हात वर करून मला थांबवलं. "जया, चाळीस वरीस पैली चिमूट माझीच पडलीय त्यात."

चैत्री पुनवेला सगळ्या बायका बारवेत जमल्या. आक्काबाई ओटी घेऊन शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. तिची जाऊ छबूबाई मागून म्हणाली, "आक्का, सोड की. इराणात जाऊन बाटलीस का काय?" बायका हसल्या. आक्काबाईनं ओटी पाण्यात सोडली नाही, कोनाड्यात दगडावर ठेवली.

मग मात्र हसू थांबलं. "आसरा कोपत्याल," कुणीतरी म्हणालं. "गावावर आलं तर कोन निस्तरनार?" छबूबाई पुढं झाली. "तुला मान पेलत न्हाई तर मला दे. मी सोडते."

"घे," आक्काबाई म्हणाली. मला वाटलं, आता संपलं. सासूनं दिलेली एकच गोष्ट, तीही गेली. पण तिनं तांब्या बुडवला, वरची शेवाळलेली साय बाजूला सारली आणि भरला तांब्या छबूबाईपुढं धरला. "मान तुझा. आसरांना रोज ह्येच पाजतो आपन. एक घोट घे, मग खुशाल सोड."

छबूबाईनं तांब्याकडं बघितलं. वास माझ्यापर्यंत येत होता. छबूबाईनं पदर नाकाला लावला. तिनं आपली ओटी आक्काबाईच्या ओटीशेजारी दगडावर ठेवली. मागच्या बायकांनीही तिथंच ठेवल्या. जागा पुरेना तेव्हा पायऱ्यांवर ठेवल्या.

मग आठवडाभर आम्ही गाळ उपसला. खण, कुजके नारळ, काचेच्या बांगड्या, देवांच्या फुटक्या तसबिरी, एक अख्खी परडी. अंगद वरून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं ट्रॅक्टर पाठवला, स्लॅबचं नाव मात्र सोडलं नाही. "पुढच्या चैत्रात बघू," एवढंच म्हणाला. पाणी अजून पिण्याजोगं झालंय असं मी म्हणणार नाही. वास गेलाय. तळाचा दगड दिसतो.

मान छबूबाईकडंच राहिला. आक्काबाईनं तो परत मागितला नाही. मी एकदा तिची बाजू घेऊन बोलायला गेले, तर शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणाली, "तिच्याकडंच असू दे. ती माझ्यापरीस खाष्ट हाय."

परवा मोर्च्यावरून येताना मी बारवेत उतरले. उन्हानं अंग भाजलं होतं. वाकले, पाण्यात हात घालणार, तोच कुणीतरी मनगट धरलं. छबूबाई.

"बाहीर धू, भवाने," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला.